जुनं प्रेम, अर्धं गाणं: पटकथा लिहिताना या चुका टाळा

कॉलेजात एकमेकांवर जीव असलेली दोघं वीस वर्षांनी एक गाणं पुरं करायला एकत्र बसतात. एका वाक्यात सांगितलं की समोरचा लगेच मान डोलावतो. पटकथा हातात पडल्यावर मात्र मधल्या चाळीस पानांत जांभया सुरू होतात आणि लेखक बिचारा प्रेमाचे प्रसंग दुरुस्त करत बसतो. बिघाड सहसा तिथे नसतोच. गाणं लिहिलं जाताना कुठे दिसतच नाही, हा खरा बिघाड. ठाण्यात घडणारी अशी एक गोष्ट धरून नेहमीच्या चुका आणि त्यांच्यावरचे उपाय पाहू.

गाणं आयतं हजर होतं

तिसाव्या पानावर तो पेटी उघडतो, ती डोळे मिटते आणि बासरी, व्हायोलिनसकट अख्खं गाणं सुरू होतं. ऐकायला छान. पण या दोघांनी केलं काय? ते गाणं आकाशातून पडलं, म्हणजे त्यांचं पुन्हा जवळ येणंही आकाशातूनच पडलं.

उपाय असा: गाण्याचे निदान तीन खर्डे पटकथेत शब्दशः लिहा. पहिला कॉलेजातला, अर्धवट. दुसरा फसलेला. तिसरा शेवटचा. साडेतीन-चार मिनिटांचं पूर्ण गाणं सिनेमात एकदाच वाजू द्या. त्याआधी चार-पाच ठिकाणी वीस-तीस सेकंदच, एखाददुसरी ओळ, तीही अडखळत.

नमुना म्हणून केरवा हा ताल घेऊ. आवर्तन आठ मात्रांचं, ओळीला दोन आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रा. ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून तिने वहीत लिहिलेला मुखडा, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी:

तळ्यात हलते रेघ दिव्याची
वाट पाहते मी वळणाची

दुसरी ओळ बोटांवर मोजा. ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघू, मात्रा एक; दीर्घ म्हणजे गुरू, मात्रा दोन. 'वाट' तीन, 'पाहते' पाच, 'मी' दोन, 'वळणाची' सहा. यातला 'पा' चौथ्या मात्रेवर उचलला जातो आणि पाचवीवरही धरलेला राहतो. ओळीतली सगळी आस त्या लांबलेल्या आकारात आहे.

आता वीस वर्षांनंतरची बैठक. तिला 'पाहते' म्हणवत नाही. घरी नवरा आहे, मुलगी दहावीला आहे. इथे बहुतेक लेखक दोन पानांचा संवाद लिहितात: आयुष्य, जबाबदाऱ्या, वगैरे. संवाद काढा, शब्द बदलायला लावा. पहिला प्रयत्न, 'वाट पाहत होते मी'. 'पाहत होते'च्या आठ मात्रा झाल्या, तीन वाढल्या. तो म्हणतो, "बसत नाही." दुसरा प्रयत्न, 'वाट बघितली मी'. मात्रा पाचच, कागदावर हिशेब चोख. पण गायला घेतलं की ओळ मोडते, कारण ब-घि-त असे तीन लघू लागोपाठ येतात आणि 'पा'चा लांब स्वर गायब होतो. हे त्याने सांगू नये. म्हणता म्हणता तिचं तिलाच कळू द्या. तिसरा प्रयत्न:

वाट पाहिली मी वळणाची

पुन्हा गुरू-लघू-गुरू, 'पाहते'सारखंच. चालीला धक्काही नाही. फक्त वाट पाहणं संपलंय. शिवाय व्याकरणाने एक गोष्ट फुकट दिली. 'पाहते' बाईच म्हणणार, 'पाहतो' पुरुषच. 'पाहिली' मात्र वाटेशी जुळतं, म्हणणाऱ्याशी नाही. म्हणजे ही ओळ आता त्यालाही म्हणता येते. त्याने ती एकदाच, हळू आवाजात म्हणावी. मग दोघांपैकी कुणीही काहीही बोलू नये.

तुमच्या गाण्यातही असा एक शब्द शोधा. सापडत नसेल तर गीतकाराला पटकथा वाचायला दिलेली नाही, असं समजा. शेवटच्या आठवड्यात फोनवर 'एक रोमँटिक गाणं हवंय' सांगून मागवलेलं गाणं कुठल्याही जोडीला लागू पडतं, म्हणून या जोडीला लागत नाही.

'दोघं मिळून लिहितात' म्हणजे नेमकं कोण काय करतं?

चाल आधी की शब्द आधी, हे पहिल्याच खर्ड्यात ठरवा. शब्द आधी असतील तर सत्ता तिच्याकडे. तो तिच्या ओळीतली लय शोधत फिरणार. चाल आधी असेल तर तो 'ला ला' किंवा अर्थहीन डमी शब्द गाऊन पाठवणार आणि ती मात्रा मोजत बसणार. डमी शब्दांत चुकून तिचं जुनं टोपणनाव येणं, हा एका ओळीचा प्रसंग दहा फ्लॅशबॅकना भारी पडतो. कॉलेजात शब्द आधी होते आणि आता चाल आधी आहे, असं उलटवलं तर भांडणाला कारण शोधावं लागत नाही.

वर्षांचा हिशेब

नायक-नायिका आज चाळीस-एक्केचाळीसची असतील तर त्यांचं सीनियर कॉलेज साधारण २००२ ते २००५. या एका हिशेबातून पटकथेतल्या निम्म्या चुका सापडतात. व्हॉट्सॲप २००९चं, त्यामुळे चालीची व्हॉइस नोट तेव्हा पाठवता येत नाही. टेपरेकॉर्डरवर कॅसेट, फार तर मित्राच्या कॉम्प्युटरवर माइक लावून केलेली फाइल. देवनागरीत एसएमएस केला तर एका मेसेजात सत्तरच अक्षरं मावत, रोमनमध्ये एकशे साठ. म्हणून तिच्या कविता त्याच्या फोनवर रोमन लिपीत येणार आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणार. ऑर्कुट ही सोशल नेटवर्किंग साइट २००४मध्ये आली, २०१४मध्ये बंद झाली. तिथले स्क्रॅप, म्हणजे एकमेकांना लिहिलेले निरोप, शोधायला गेलेल्या नायकाला काही सापडू नये.

रेल्वेतही गफलत होते. ती वाशीला राहणारी आणि कॉलेज ठाण्यात, तर २००३च्या प्रसंगात तिला थेट लोकलमध्ये बसवू नका. ठाणे-वाशी प्रवासी गाड्या २००४पासून सुरू झाल्या. त्याआधी कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी, नाहीतर बस. खरं तर ही अडचण नव्हे, देणगी आहे. तो तिला सोडायला रोज कुर्ल्यापर्यंत जातो, थेट गाडी सुरू होते आणि ते निमित्तच संपतं.

भेटही योगायोगाने मॉलमध्ये घडवू नका. ठाण्यात त्याची गरज नाही. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीवर कॉलेजचे जुने ग्रुप ठरल्यासारखे उगवतात. तिथे दोघं समोरासमोर आली तर कुणाला नवल वाटणार नाही. एकाने गेली काही वर्षं मुद्दाम तिथे जाणं टाळलं होतं, एवढंच कळू द्या.

'तू माझं गाणं विकलंस'

दुराव्याचं कारण म्हणून हरवलेलं पत्र, चोरून ऐकलेलं अर्धं वाक्य, आजारी वडिलांना दिलेला शब्द, हे सगळं झिजलंय. कारण गाण्यातच असू द्या: त्याने म्युझिक कंपनीला गाणं दिलं, तिचं नाव नव्हतं. पण इथे कायदा न तपासता लिहिलं की मध्यंतरानंतरची सगळी भांडणं पोकळ होतात.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याने गाण्याचे तीन तुकडे होतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, ध्वनिमुद्रण हे तिसरंच. संगीतकृतीच्या व्याख्येत शब्द येत नाहीत. म्हणजे त्याने स्वतःची चाल दुसऱ्या कुणाच्या शब्दांसह दिली असेल तर कायद्याने त्याचं काही चुकलेलं नाही. तिचे शब्द तिच्या लेखी संमतीशिवाय दिले असतील तर चुकलंय. हक्क दुसऱ्याच्या नावे करायला लेखी आणि सही केलेला करार लागतो, तोंडी 'घे रे' पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क विकल्यानंतरही लेखिका म्हणून आपलं नाव मागण्याचा अधिकार तिच्याकडे राहतो.

पटकथेसाठी पहिली शक्यता जास्त कामाची. त्याने चाल दिली, शब्द दुसऱ्याचे बसवले, कागदोपत्री सगळं स्वच्छ. आणि तिला रिक्षात रेडिओवर त्यांच्या गाण्याची चाल परक्या शब्दांत ऐकू येते. त्याला 'मी काही चुकीचं केलं नाही' म्हणता येतं, ते खरंही असतं, म्हणूनच ते भांडण मिटत नाही. कोर्टाचा प्रसंग लागत नाही. एक सावधगिरी: गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही, ही तरतूद २०१२च्या दुरुस्तीने आली. २००६मधल्या प्रसंगात वकील पात्राच्या तोंडी ती घालू नका.

दोघांची पट्टी

द्वंद्वगीत म्हटलं की पुरुष आणि स्त्री एकाच पट्टीत सुखाने गाताना दाखवतात. प्रत्यक्षात एकतर ती मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, बुडते, नाहीतर तो वर ताणतो. ही अडचण लपवू नका, वापरा. समजा तो काळी एकला गातो, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्याचा 'सा'. कॉलेजात ती काळी चारला गायची. आता रियाज सुटलाय, वरचे सूर पूर्वीसारखे लागत नाहीत, तिला काळी तीन बरी वाटते. गंमत अशी की काळी एकचा मध्यम ('म') म्हणजेच काळी तीन. त्याचा मध्यम हाच तिचा षड्ज ('सा'). मुखडा त्याच्या पट्टीत, मध्ये दोन आवर्तनांचं संगीत, मग अंतरा तिच्या पट्टीत. तबला काळी तीनला लावला की दोघांनाही चालतो. पटकथेत हे 'सूर जुळले' असं भाषांतर करून सांगू नका. तबलजी हातोडीने तबल्याचे लाकडी गट्टे ठोकतो, सूर मिळतो, पुरे.

चित्रीकरणात चाल रचतानाचे प्रसंग आधी ध्वनिमुद्रित करून ओठ हलवू नका. अडखळणं खोटं वाटतं. कलाकारांना खरंच गाऊ द्या, पेटीला आणि गळ्याला वेगळे माइक लावा. तलावपाळीवर संध्याकाळी हॉर्न आणि फेरीवाल्यांच्या आवाजात हे जमणार नाही. तिथे फक्त चालणं-बोलणं ठेवा, गाणं खोलीत न्या.

किरकोळ, पण खटकणारं

पटकथेत 'आठवतं तुला' शोधून पाहा. एकापेक्षा जास्त वेळा सापडलं तर बाकीचे काढा. नवऱ्याला खलनायक करू नका. तो चांगला असेल तरच प्रश्न अवघड होतो. संबोधनं सांभाळा. कॉलेजात 'तू' होतं, पहिल्या भेटीत दोघं सर्वनामच टाळतात: "काय, बरं चाललंय ना?" तिची मुलगी त्याला सहज 'काका' म्हणते, आणि ती स्वतः त्याच्या आईला अजून 'काकू' म्हणते.

शेवट गडकरी रंगायतनात टाळ्यांच्या कडकडाटात करण्याचा मोह आवरा. गाणं पुरं झालं की त्यांचं काम झालं. त्याऐवजी स्टुडिओतला माहितीचा कागद दाखवा. 'संगीत'पुढे त्याने स्वतःचं नाव भरलंय. 'गीत'पुढे तिचं पहिलं नाव लिहून तो थांबतो. जुन्या वहीवर माहेरचं आडनाव आहे. कागद तो तिच्यापुढे सरकवतो, आणि ती पेनाचं टोपण काढते.