मोठ्या वयात नर्सिंगच्या शिक्षणाकडे परतताना

काही वर्षांच्या खंडानंतर नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला परतणाऱ्या बहुतेकांना पाठांतराची धास्ती वाटते. परंतु आधी जमवावी लागते ती वेळेची घडी. वर्गातील तासांशी घर आणि नोकरी यांचा मेळ कसाबसा घालता येतो. रुग्णालयातील पाळ्यांशी तो सहज बसत नाही, कारण त्या बदलत राहतात आणि बुडालेले तास सहसा भरून द्यावे लागतात. म्हणून प्रवेशापूर्वीच क्लिनिकल पोस्टिंगचे, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या पाळ्यांचे, मागील वर्षाचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि मुलांची, वृद्ध आईवडिलांची व घरखर्चाची सोय त्यातील सर्वांत कठीण महिना डोळ्यांसमोर ठेवून लावावी. शिक्षण मध्येच सोडले असल्यास जुन्या गुणपत्रिका व प्रशिक्षणाच्या नोंदी त्याच वेळी दाखवून, कोणते विषय ग्राह्य धरले जातील हे लेखी घ्यावे. लसीकरणाच्या नोंदीही तेव्हाच शोधाव्यात, कारण हिपॅटायटिस बीच्या लशीचे नेहमीचे तीन डोस पूर्ण होण्यास सहा महिने लागतात.

अभ्यासात सर्वाधिक वेळ औषधांच्या हिशेबाला द्यावा. हे गणित शाळेतल्या त्रैराशिकाच्या पलीकडे फारसे जात नाही, परंतु सराव तुटलेला असला की नेमके तेच हातून निसटते. समजा, 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम औषध आहे आणि 400 मिलिग्रॅम द्यायचे आहे, तर 8 मिलिलिटर घ्यावे लागेल. 1000 मिलिलिटरचे सलाईन 8 तासांत द्यायचे असून सलाईनच्या नळीच्या संचातून एका मिलिलिटरचे 20 थेंब पडत असतील, तर 20,000 थेंबांना 480 मिनिटांनी भागून मिनिटाला सुमारे 42 थेंब येतात. आकडेमोडीपूर्वी उत्तराचा अंदाज बांधण्याची सवय मात्र अवश्य लावावी. 42 ऐवजी 420 आले तर कागद तपासण्याआधीच मनाला खटकले पाहिजे. एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम, हे रूपांतर तर झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यावे.

शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारावेत आणि तेच प्रश्न काही दिवसांच्या अंतराने परत घ्यावेत.

ज्यांनी पूर्वी रुग्णसेवा केली आहे, त्यांना अनुभवाचा उपयोग होतो तसाच अडथळाही होतो. हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या प्रथमोपचारात पूर्वी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण असा क्रम शिकवत. 2010 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने छातीवरील दाब पहिल्या क्रमांकावर आणला, आणि 2015 पासून त्याचा वेग मिनिटाला 100 ते 120 असा सांगितला जातो. हात जुन्याच क्रमाने चालू लागतात, तेही आत्मविश्वासाने, आणि ते अधिक धोक्याचे असते. त्यामुळे प्रत्येक कौशल्य नव्याने शिकत असल्याप्रमाणे करून दाखवावे. सुधारणा सांगणारी शिक्षिका वयाने लहान असली तरी ‘आम्ही असे करत नव्हतो’ हे वाक्य टाळावे.

शेवटची तयारी क्षुल्लक वाटेल, पण चाळिशीनंतर ती आवश्यक ठरते: डोळे तपासून घ्यावेत. इन्सुलिनच्या 100 युनिटच्या सिरिंजमध्ये एका मिलिलिटरवर 100 युनिट मोजलेले असतात, आणि रात्रपाळीच्या मंद उजेडात त्या रेषा चष्म्याशिवाय एकमेकींत मिसळतात.