लहान मुलाला रात्री आपले आपण झोपायला कसे शिकवावे

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला कुशीत घेतल्याशिवाय, थोपटल्याशिवाय किंवा दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोप येत नसेल, तर ते मूल हट्टी नसते आणि आईवडिलांनी त्याला बिघडवलेलेही नसते. डोळा लागताना जे जवळ असते, त्याची त्याला सवय झालेली असते एवढेच. या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण तासाभराचे असते आणि दोन आवर्तनांच्या मध्ये प्रत्येक मूल किंचित जागे होते. जे आपले आपण झोपी गेलेले असते, ते कूस बदलून पुन्हा झोपते. जे थोपटण्यावर झोपलेले असते, ते तो हात शोधते आणि सापडला नाही की रडते. म्हणून रात्री चार वेळा उठणाऱ्या मुलावरचा उपाय मध्यरात्री करायचा नसतो, तो संध्याकाळी डोळा लागण्याच्या वेळी करायचा असतो. माझ्या दोन्ही मुलांना आणि पुढे भावंडांच्या मुलांना शिकवताना हे मला पुनःपुन्हा दिसले आहे.

मूल आजारी असेल, घर नुकतेच बदलले असेल किंवा धाकट्या भावंडाचा जन्म जवळ आला असेल, तर सुरुवात पुढे ढकलावी. मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास अडखळत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल खोलीत एकटे असणार म्हणून कपाटे भिंतीला पक्की करावीत, पडद्याच्या दोऱ्या हाताला लागणार नाहीत अशा बांधाव्यात आणि पाळण्याच्या कठड्यावरून चढू लागलेल्या मुलाला बुटक्या पलंगावर आणावे.

वेळ ठरवताना बहुतेक जण चुकतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते, तर तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. ‘दुपारी झोपूच देऊ नका, म्हणजे रात्री पटकन झोपेल’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकवत नाही. अतिशय दमलेले मूल शांत होत नाही, उलट चेकाळते, उशिरा झोपते आणि रात्री जास्त वेळा उठते. दुपारची झोप राहू द्यावी, पण ती संपल्यापासून रात्रीच्या झोपेपर्यंत सुमारे पाच तास जातील असे पाहावे. दुसरी चूक म्हणजे मुलाला प्रत्यक्षात साडेनऊला झोप येत असताना त्याला आठपासून अंथरुणात ठेवणे, कारण त्या दीड तासात अंथरूण ही झगडण्याची जागा आहे हेच ते शिकते. सुरुवात साडेनऊलाच करावी, सकाळी उठण्याची वेळ पक्की ठेवावी आणि मूल लवकर झोपू लागले की दर दोनतीन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी.

झोपण्याआधी तासभर दिवे मंद आणि सगळे स्क्रीन बंद, म्हणजे टीव्ही आणि फोन दोन्ही. त्यानंतर दूध, दात घासणे, दोन पुस्तके, एक गाणे आणि अंथरूण हा क्रम अर्ध्या तासात, रोज तसाच. दूध दातांच्या आधीच संपले पाहिजे, कारण बाटली तोंडात धरून झोपल्याने दात किडतात.

इथपर्यंत सोपे आहे. खरी कसोटी यानंतरच्या दहा मिनिटांत लागते. ‘मूल पेंगुळलेले पण जागे असताना त्याला ठेवा’ असे सगळे सांगतात, पण पेंगुळलेले म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. थोरल्याच्या वेळी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसत असे. त्याचा श्वास संथ झाला की आधी करंगळी उचलायची, मग एकेक बोट, मग तळहात, आणि शेवटी श्वास रोखून दारापर्यंत जायचे. यात चाळीसचाळीस मिनिटे जात आणि दीड वाजता तो अंथरुणात उभा राहून आक्रोश करत असे. हात आणखी हळू काढायला हवा असे मला कितीतरी आठवडे वाटत राहिले, पण हात झोप लागल्यानंतर काढला जात होता, हीच मुळात चूक होती. त्याच्या दृष्टीने बाबा होते आणि अचानक नाहीसे झाले. हात त्याच्या डोळ्यांदेखत, तो पुरता शुद्धीवर असताना काढायला हवा होता.

यासाठी मुलाचे डोळे पाहायला शिकावे लागते. ते डोळे चोळते, जांभई देते, गाण्याचे शब्द पुटपुटते, तोवर हात ठेवायला हरकत नाही. पापण्या मिटून पुन्हा उघडायला वेळ लागू लागला आणि नजर एका जागी ठरू लागली की उशीर झालाच म्हणून समजावे. हात त्याच्या थोडा आधी निघाला पाहिजे. हात काढताच मूल कुरकुरते, डोके वर करते, कधी हात पकडून परत पाठीवर ठेवते. अशा वेळी अर्धा मिनिट हात ठेवून पुन्हा काढावा, आणि हे वीस वेळा करावे लागले तरी विसाव्या वेळीही झोप लागण्याआधी काढावा. पहिल्या रात्री माझ्या मुलीने माझा अंगठा मुठीत धरून ठेवला होता. मी तो सोडवून घेतला आणि तिच्या मुठीत तिच्या कापडी सशाचा कान दिला. चौथ्या रात्री तो कान तिने आपणहून शोधला.

हाताविना झोप लागू लागली की खुर्चीचा टप्पा येतो. तीन रात्री खुर्ची पलंगाला लागून, तीन रात्री खोलीच्या मध्यावर, तीन रात्री दारात आणि मग दाराबाहेर, दार थोडे उघडे ठेवून. खुर्चीत बसल्यावर डोळ्याला डोळा भिडवू नये, गप्पा मारू नयेत आणि फोन तर अजिबात उघडू नये. ‘आता झोपायची वेळ झाली, मी इथेच आहे’ हे एकच वाक्य, एकाच स्वरात, गरज पडेल तेव्हा म्हणावे. मूल उतरून आले तर न रागावता, न समजावता उचलून परत ठेवावे. आई आणि बाबा दोघांनीही हे अगदी सारखे केले पाहिजे. एकाने खुर्चीत बसायचे आणि दुसऱ्याने कुशीत घ्यायचे, असे झाले तर मूल रोज रात्री दुसऱ्याची वाट पाहत जागे राहील.

चौथ्या ते सातव्या रात्रीच्या सुमारास, सगळे जमू लागले असे वाटत असतानाच, मूल एखादे दिवशी पहिल्या रात्रीपेक्षाही मोठ्याने रडते. जुना उपाय चालेनासा झाला की तो जास्त जोर लावून करून पाहणे हा मुलांचा स्वभावच आहे, आणि हे रडणे पद्धत फसल्याचे लक्षण नाही. थोरल्याच्या वेळी अशाच रात्री पन्नास मिनिटांनी मी त्याला कुशीत घेऊन झोपवले. पुढच्या चार रात्री तो तासतासभर रडला, कारण पन्नास मिनिटे रडल्यावर बाबा घेतात हे मीच त्याला शिकवले होते. मूल फार घाबरले असेल तर खुर्ची एक टप्पा मागे आणावी, पण झोप लागेपर्यंत अंगावर हात ठेवायला परत जाऊ नये.

‘रडू द्या, दार लावून घ्या’ हा सल्ला मला पटत नाही, कारण जवळ बसूनही हेच शिकवता येते. त्याच वेळी, थोडे रडल्याने मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो, ही भीतीही सोडून द्यावी. खुर्ची हळूहळू दूर नेणे आणि ठरावीक अंतराने जाऊन धीर देणे, या दोन पद्धती वापरलेल्या कुटुंबांतील मुलांची ऑस्ट्रेलियात सहाव्या वर्षी पुन्हा पाहणी झाली आणि त्यांच्या भावनिक वाढीवर किंवा आईवडिलांशी असलेल्या नात्यावर अपाय झाल्याचे आढळले नाही. ते निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

मध्यरात्री जाग आली तर पहिल्या रात्रीपासूनच, संध्याकाळी खुर्ची जिथे होती तिथेच बसावे आणि तेच वाक्य म्हणावे. पुढे ताप आला तर कुशीत घ्यावे, नि:संकोच घ्यावे; बरे वाटल्यावर दोनतीन रात्री खुर्ची पुन्हा लावली की गाडी रुळावर येते. दुपारच्या झोपेसाठी ही पद्धत लगेच वापरू नये, कारण दिवसा झोपेची ओढ कमी असते. रात्रीचे दोन आठवडे नीट गेल्यावरच तिकडे वळावे, तोवर दुपारी थोपटून झोपवले तरी चालते.