दोन्ही दुर्बिणी स्वच्छ, तरी हिमोग्लोबिन उतरतंय?

एंडोस्कोपी विभागात सिस्टर म्हणून मी ही तक्रार सतत ऐकते. रक्त चढवलं, थोड्याच दिवसांत पुन्हा खाली. तोंडातून आणि गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या दोन्ही तपासण्या नॉर्मल. मग संशय लहान आतड्यावर. ते बघायला छोटा कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळायला देतात.

आधी औषधांची पिशवी टेबलावर ओता. गुडघेदुखीच्या गोळ्या आतड्यात जखमा करतात, आणि त्यांना ‘औषध’ म्हणून कुणी मोजतच नाही! लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं. डॉक्टरांना विचारून ती कॅप्सूल तपासणीच्या काही दिवस आधी थांबवा, नाहीतर कॅप्सूलच्या कॅमेऱ्याला नुसतं काळं सारवण दिसतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

जेवल्यावर पोटात कळ येते? पूर्वी आतड्याचा टीबी झालाय? सांगा. आतडं अरुंद असेल तर अडीच सेंटिमीटरची कॅप्सूल अडकू शकते, म्हणून आधी सीटी करतात. कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआय नको.

वयस्कर माणसांत बऱ्याचदा फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या सापडतात. बलून एंटरोस्कोप, म्हणजे फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोल जाणारी दुर्बीण, आत नेऊन त्या आर्गॉन प्लाझ्माने (आर्गॉन वायूतून विजेची उष्णता देऊन) जाळतात. पुन्हा नव्या तयार होऊ शकतात, म्हणून हिमोग्लोबिन तपासत राहा. शौचातून भरपूर रक्त, डोळ्यांपुढे अंधारी? कॅप्सूलची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.