बेलचा फॉर्म भरताय? इंदूरच्या पोरापोरींनी आधी हे वाचा

आपल्या इंदुरात पोरगं सीएस (कम्प्युटर सायन्स) किंवा ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) करून निघालं की घरच्यांना दोनच रस्ते दिसतात, एक सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिस, आणि ते नाही जमलं तर पुण्याची गाडी. भारत इलेक्ट्रॉनिक्सचं, म्हणजे बेलचं, नाव काढलं की काका लोक विचारतात, "ती वोटिंग मशीनवाली का रे?" हो तीच. ईव्हीएम बेल आणि हैदराबादची ईसीआयएल बनवतात, पण बेलचं खरं काम ते नाहीच. कंपनी 1954 ची, संरक्षण मंत्रालयाची, हेड ऑफिस बंगलोरला, आणि गिऱ्हाईक मुख्यतः एकच, फौज. रडार, रेडिओ सेट, जहाजावरची इलेक्ट्रॉनिक्स हे तर आहेच, पण आता या सगळ्याला जोडणारं सॉफ्टवेअर आणि नेटवर्क हे पण मोठं काम झालंय. आणि आपण बसलोय कुठे, तर महूच्या छावणीला चिकटून, जिथे सिग्नल्सच्या, म्हणजे फौजेच्या दळणवळण शाखेच्या, ऑफिसरांना शिकवणारं एमसीटीई कॉलेज आहे, 2021 मध्ये तिथे क्वांटम लॅब पण उघडली, तरी इथल्या पोरांना फौजेच्या आयटीमध्ये वर्दी न घालता पण जाता येतं हे कोणी सांगत नाही.

माझं रामबागेकडे एमपी ऑनलाइनचं, म्हणजे सरकारी फॉर्म ऑनलाइन भरून द्यायचं, किओस्क आहे. बेलच्या जाहिराती निघाल्या की मुलं येतात आणि मी बघतो की अभ्यासात अडकणारी कमी, कागदात अडकणारी जास्त. म्हणून कागदांवर जरा जास्त लिहितोय, अभ्यासाचं सांगणारे यूट्यूबवर ढीगभर आहेत.

तर पहिली गोष्ट, "बेलची वेकेंसी" असं एकच काही नसतं. दोन वेगळे दरवाजे आहेत आणि लोक ते एकात एक करून टाकतात. एक म्हणजे प्रोबेशनरी इंजिनिअर, ही पक्की नोकरी, ई-2 ग्रेड, बेसिक 40,000 पासून 1,40,000 पर्यंतची स्केल, सगळं धरून वर्षाला साधारण बारा-तेरा लाख पडतात, जनरलला वय 25 पर्यंत, ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षं जास्त. दुसरा दरवाजा ट्रेनी इंजिनिअर आणि प्रोजेक्ट इंजिनिअरचा, हे करारावरचं काम. ट्रेनी दोन वर्षं, काम असेल तर एक वर्ष वाढतं, पहिल्या वर्षी महिन्याला 30,000, मग 35,000, मग 40,000, वय 28 पर्यंत. प्रोजेक्ट इंजिनिअर तीन वर्षं अधिक एक, 40,000 पासून 55,000 पर्यंत, वय 32 पर्यंत, आणि वरून वर्षाला 12,000 इन्शुरन्स, कपडे, शिलाई, बुटं यांच्यासाठी. हो, शिलाई पण लिहिलेली असते, सरकारी कंपनी आहे शेवटी.

प्रोजेक्ट इंजिनिअरला किमान दोन वर्षांचा इंडस्ट्रीचा अनुभव लागतो आणि इथे आपल्याकडची बरीच मुलं मार खातात, कारण इंदुरात बी.ई. करून प्रायव्हेट कॉलेजात लेक्चररशिप केलेली असते आणि वाटतं झाली ना दोन वर्षं. नाही झाली. शिकवण्याचा अनुभव ते धरत नाहीत, जाहिरातीत साफ लिहिलेलं असतं, फक्त ते सहाव्या-सातव्या पानावर असतं आणि तिथपर्यंत कोणी जात नाही.

करारावाली नोकरी घ्यावी का हे मला रोज विचारतात. माझं मत असं की फ्रेशर असाल आणि हातात काहीच नसेल तर ट्रेनी घ्या, काम शिकायला मिळतं आणि कागदावर नाव चांगलं लागतं, पण "एकदा आत गेलो की पर्मनंट करतील" या भरवशावर जाऊ नका, तसा काही कायदा नाही. पर्मनंट व्हायचं तर सगळ्यांसारखी प्रोबेशनरीची परीक्षा द्यावी लागते आणि तोवर पंचविशी उलटली तर जनरलवाल्यांचा दरवाजाच बंद. म्हणजे वय बघून ठरवा, पगार बघून नाही.

युनिट बघून फॉर्म भरा हे पण सांगतो. पुण्याला बेल आहे म्हटल्यावर आई खुश होते, मावशीकडे राहील म्हणून, पण पुणे युनिट सॉफ्टवेअरचं नाही, तिथे लेझर, बॅटरी असली कामं. नवी मुंबई म्हणजे तळोजा, तिथे इलेक्ट्रॉनिक्स ठेवायची शेल्टर्स वगैरे. चेन्नईला रणगाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स, मछलीपट्टणमला दुर्बिणी आणि नाइट व्हिजन, पंचकुला आणि कोटद्वारला कम्युनिकेशन, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर. सीएसवाल्यांसाठी खरा माल बंगलोर आणि गाझियाबादला. प्रोबेशनरीला पोस्टिंग भारतात कुठेही, ते आपल्या हातात नाही, पण ट्रेनी आणि प्रोजेक्टच्या जाहिराती युनिटवार निघतात, तिथे निवडता येतं.

काम काय असतं ते समजून घ्या, नुसतं "डिफेन्स" म्हणून जाऊ नका. आकाशतीर या हवाई हल्ला रोखायच्या फौजेच्या कंट्रोल सिस्टीमचं नाव मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सगळ्यांनी ऐकलं, ती बेलची आहे, मार्च 2023 मध्ये 1,982 कोटींचा करार झाला होता, गाझियाबाद युनिटकडे. आता त्यात कम्प्युटरचं काम कोणतं, तर समजा एकच विमान तीन रडारांनी पाहिलं. प्रत्येक रडारची जागा वेगळी, वेळ जरा मागेपुढे, मापात थोडी थोडी चूक. तीन ठिपके आले स्क्रीनवर. हे तीन की एक? वाड्यात तीन जणांनी तीन खिडक्यांतून एकाच पाहुण्याला येताना बघितलं आणि आईने तीन कप चहा टाकला, तसलं होऊ नये म्हणून जे गणित आणि जो कोड लागतो तो ट्रॅक फ्यूजन. मग तो ठिपका आपला का परका, कोणत्या तोफेच्या टप्प्यात, आणि हेच चित्र एअरफोर्सच्या आयएसीसीएस नावाच्या सिस्टीमला पण दिसलं पाहिजे, नाहीतर आपलीच तोफ आपल्याच विमानावर. ती आयएसीसीएस पण बेलचीच. जमिनीवरच्या पाळतीसाठी असंच संजय, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत हिरवी झेंडी मिळाली, 2,402 कोटींचं. म्हणजे डेटा स्ट्रक्चर, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम, हे जे कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं तेच इथे पोटापाण्याला लागतं, वेबसाइट बनवणारे इथे फार कमी.

आता कागद. सगळ्यात आधी नाव. आपल्या मराठी लोकांची ही खास बिमारी आहे. आधारमध्ये घरच्यांनी नाव, वडलांचं नाव, आडनाव असं तिन्ही घातलेलं, दहावीच्या मार्कशीटवर इकडच्या पद्धतीने फक्त नाव आणि आडनाव, वडलांचं नाव वेगळ्या ओळीत, आणि डिग्रीवर तिसरंच. वरून स्पेलिंग. देशपांडेच्या शेवटी कुठे ई, कुठे ई-वाय. कुलकर्णीत कुठे एक आय, कुठे डबल ई, कारण शाळेतल्या बाबूने जसं ऐकलं तसं लिहिलं. फॉर्ममध्ये नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे भरा, आणि आधार त्याला जुळवून घ्या, उलटं नका करू, मार्कशीट बदलायला जन्म जातो आणि आधार सेंटरवर त्यामानाने पटकन होतं. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं एफिडेविट नोटरीकडून करून फाईलमध्ये ठेवा. लग्न झालेल्या मुलींनी मॅरेज सर्टिफिकेट पण.

मग जातीचा दाखला. ओबीसीची केंद्राची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते, हे डोक्यात पक्कं करा. नागपूरच्या चुलतभावाचं ओबीसी चाललं म्हणून तुमचं इथून चालेलच असं नाही, आणि इथल्या राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असंही नाही. घराणं होळकरांच्या काळात आलेलं असेल तर दाखला इथलाच लागणार, म्हणून तुमची जात मध्य प्रदेशच्या केंद्रीय यादीत आहे का ते आधी बघा, मगच कॅटेगरीवर टिक करा. शाळेच्या वेळी लोक सेवा केंद्रातून काढलेला जुना दाखला तसाच जोडू नका, केंद्राच्या नमुन्यातला आणि नॉन क्रीमी लेयरवाला पाहिजे. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षाचा असतो, मार्च संपला की जुना झाला. आणि तहसीलमध्ये किती दिवस लावतात ते इंदूरवाल्यांना मी काय सांगू, जाहिरात निघायच्या आधीच काढून ठेवा.

तिसरं फर्स्ट क्लास. जनरल, ओबीसी, ईडब्ल्यूएसला बी.ई.-बी.टेकला फर्स्ट क्लास पाहिजे, एससी, एसटी, दिव्यांगांना पास क्लास चालतो. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर युनिव्हर्सिटीचा टक्क्यात बदलायचा फॉर्म्युला असलेला कागद लागतो, मनाने गुणाकार करून टक्के भरू नका. आणि ब्रांच. जाहिरातीत ब्रांचची नावं शब्दाला शब्द दिलेली असतात. डिग्रीवर जे छापलंय ते त्या यादीत आहे का बघा, "आयटी म्हणजे सीएसच ना" हे तुमचं आणि माझं म्हणणं झालं, त्यांची यादी काय म्हणते ते चालतं. हल्ली कॉलेजं सीएसच्या पुढे एआय, डेटा सायन्स, सायबर असली शेपटं लावतात, त्यांनी तर दोनदा वाचा.

फी. प्रोबेशनरीला जीएसटी धरून 1,180, ट्रेनीला 177, प्रोजेक्टला 472, एससी, एसटी, दिव्यांगांना काही नाही, प्रोबेशनरीला माजी सैनिकांना पण माफ, महूकडच्या लोकांनी लक्षात ठेवा. ट्रेनी-प्रोजेक्टचे पैसे स्टेट बँकेच्या एसबीआय कलेक्ट या पैसे भरायच्या साइटवर भरायचे असतात, म्हणजे फॉर्मच्या आत नाही, आधी बाहेर जाऊन भरायचे, त्याची रिसीट निघते, त्यावर डीयूने सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, तो फॉर्ममध्ये टाकायचा. मुलं पैसे भरतात, मेसेज आला की टॅब बंद करतात, मग रिसीट शोधत बसतात. पीडीएफ तिथल्या तिथे सेव्ह करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. कलेक्टवर पोस्टचं नाव निवडताना ट्रेनीच्या जागी प्रोजेक्ट निवडलं गेलं तर पैसे परत मागायच्या भानगडीत पडावं लागतं, जे सहसा मिळत नाहीत. फोटो आणि सहीची साइज केबीमध्ये दिलेली असते, मोबाइलमधून काढलेला सेल्फी कापून चालवू नका, सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने.

परीक्षेचं थोडक्यात. प्रोबेशनरीची कम्प्युटरवर होते, 125 प्रश्न, 120 मिनिटं, त्यातले 100 तुमच्या ब्रांचचे आणि 25 ॲप्टिट्यूड-रीझनिंग, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही, म्हणजे गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेसारखं लांब गणित करत बसायला वेळच नाही. गेटचे जुने एक मार्कवाले प्रश्न करा, ते याला बरोबर बसतात. नंतर जागेच्या पाचपट मुलं इंटरव्ह्यूला बोलावतात, लेखीचं वजन 85 आणि इंटरव्ह्यूचं 15, म्हणजे ज्याची लेखी दणकून झाली त्याला इंटरव्ह्यूत घाबरायचं कारण नाही. इंटरव्ह्यूत फायनल इयरच्या प्रोजेक्टवर खोदून विचारतात, आणि इंदुरात प्रोजेक्ट विकत मिळतात हे त्यांनाही माहीत असणार, म्हणून विकत घेतला असेल तर निदान तो आतून उघडून समजून घ्या भिया.

फक्त बेलवरच बसून राहू नका, तोच अभ्यास दुसरीकडे पण चालतो. ईसीआयएल अणुऊर्जा विभागाची. आयटीआय लिमिटेड ही टेलिकॉमची सरकारी कंपनी 1948 ची, आपल्या आयटीआय कॉलेजशी काही संबंध नाही, तिला 2020 मध्ये फौजेच्या ॲस्कॉन या दळणवळणाच्या नेटवर्कच्या चौथ्या टप्प्याचं 7,796 कोटींचं काम मिळालं. फौजेसाठी वेगळं फायबरचं जाळं घालायचं काम बीएसएनएलकडे.

जाहिरात बघायची ती बेल-इंडिया डॉट इन वरच. टेलिग्रामवर "बॅकडोर जॉइनिंग, सिक्युरिटी डिपॉझिट फक्त इतके" असले मेसेज फिरतात, बेलच्या लोगोसकट ऑफर लेटर येतं, अशोक स्तंभ पण असतो. नोकरीसाठी डिपॉझिट कोणी मागितलं की तिथेच फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार टाका.

निवड झाली की मेडिकल आणि पोलिस व्हेरिफिकेशन. फौजेचं काम आहे, गुप्ततेचा कायदा लागू होतो, आत बऱ्याच ठिकाणी मोबाइल नेता येत नाही, लॅपटॉप घेऊन घरून काम हा प्रकार जवळपास नाहीच. व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये मागच्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते भरायचे असतात, भंवरकुआंच्या होस्टेलचा, पुण्याच्या पीजीचा, सगळे, तारखांसकट. मधे सहा महिन्यांची फट राहिली तर फॉर्म परत येतो. जुन्या घरमालकांचे नंबर आत्ताच लिहून ठेवा आणि त्यांना एक फोन करून सांगा की पोलिस थाण्यातून कोणी विचारायला येईल, नाहीतर ते म्हणतील अशा नावाचं कोणी राहत नव्हतं, कारण भाड्याची रिसीट त्यांनी कधी दिलेलीच नसते.