विज्ञानलेख लिहिताय? मग या चुका टाळा

इंदूरहून दिवाळी अंकांना आणि रविवारच्या पुरवण्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाचे लेख देता देता केस पांढरे झाले. आता नव्या मुलांचे लेख माझ्याकडे तपासायला येतात. मुलं नवी, चुका त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे यंत्र काय करतं हे कळायच्या आत ते कशासारखं आहे हे लिहून मोकळं होणं. एका हुशार पण भलत्याच घाईच्या मुलाने इथल्या राजा रामण्णा संशोधन केंद्रातल्या इंडस-२ वर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर, लेख आणला. मथळा ‘इंदूरचं सर्न’. सर्न म्हणजे युरोपातली, कण एकमेकांवर आदळवणारी प्रयोगशाळा. आत टकरा, विश्वाच्या जन्माचं रहस्य, सगळा मसाला. म्हटलं, अरे, इथे कोणी कोणावर आदळत नाही. तर म्हणे, “पण काका, गोलच आहे ना?” गोल तर जिलबीही असते!

पान लावायची घाई होती, लेख तसाच छापून आला. आमच्या राजेंद्रनगरात त्या केंद्रातून निवृत्त झालेली मराठी मंडळी आहेत. अंक हातात पडताच एकांनी संपादकांना फोन लावला, “अहो, इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरते राहावेत म्हणून आम्ही जिवाचं रान केलं आणि तुम्ही ते एका वाक्यात आपटलेत!”

बरं, खरी गोष्ट काही कमी रंगतदार नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोट्रॉन या पहिल्या टप्प्याच्या यंत्रातून २ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन निघतात, बूस्टर या मधल्या टप्प्यात ५५ कोटींवर जातात आणि इंडस-२ च्या १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात २५० कोटींपर्यंत चढतात. चुंबक त्यांना वळवतात, आणि वळताना ते क्ष-किरण सोडतात. हे किरण बीमलाइन नावाच्या नळीने बाहेर काढून नमुन्यावर सोडायचे आणि पदार्थाची रचना तपासायची. सगळा खटाटोप या प्रकाशासाठी.

माझी सवय सांगतो. लिहायच्या आधी कागदावर हाताने बाण काढतो: काय आत गेलं, कुठे वळलं, काय बाहेर आलं. बाण अडला की लेख बंद, फोन सुरू. हल्ली मुलं एआयकडून आकृती काढून घेतात. छान येते, पण ती कुठे अडतच नाही, तिथेच घोटाळा होतो.

दुसरी चूक किलोवॅट आणि युनिटची. ‘३ किलोवॅटचं सोलर दिवसाला ३ किलोवॅट वीज देतं’ असं लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरचं वीजबिल कधी उघडलेलं नसतं. किलोवॅट हा वीज तयार होण्याचा दर. एक किलोवॅट तासभर चालला की एक युनिट. चांगल्या उन्हाच्या दिवशी तेवढ्या पॅनलमधून १२ युनिटच्या आसपास वीज मिळते.

क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. इंदूरमधल्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची, म्हणजे कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याची, मूळ क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. काल किती आला, ते विचारा.

‘शास्त्रज्ञ म्हणतात.’ कोण?

प्रसिद्धीपत्रकातली विशेषणं उचलू नका.

आणि छापायला देण्याआधी जाणकाराला फोनवर फक्त आकडे वाचून दाखवा. अख्खा लेख पाठवलात तर तो शुद्धलेखन तपासत बसतो आणि चुकलेला आकडा तसाच राहतो.