काळ्या दगडातल्या तड्याचा खडबडीतपणा कसा मोजावा

घाटातला कडा किंवा खाणीची भिंत घसरेल का, हे ठरवताना तड्याच्या दोन बाजू एकमेकींत किती अडकतात ते कळायला हवं. त्यासाठी जेआरसी (जॉइंट रफनेस कोएफिशंट, म्हणजे तड्याच्या खडबडीतपणाचा गुणांक) हा आकडा वापरतात: सपाट गुळगुळीत पृष्ठ 0, अतिशय खडबडीत 20. मोजणी सोपी आहे. चूक होते ती बहुतेक वेळा पृष्ठाचा आकार टिपणारी सुयांची फणी टेकवण्याआधीच.

आधी तडा नैसर्गिक आहे ना, ते बघा. गगनबावड्याच्या बाजूला रस्त्याच्या कटिंगमध्ये सुरुंगाने फुटलेला दगड ताजा, करडा-काळा, धारदार दिसतो. जवळपास ड्रिलच्या अर्धगोल खाचाही असतात. जुन्या सांध्यावर, म्हणजे नैसर्गिक तड्यावर, तांबूस डाग, कधी झिओलाइट या खनिजाचा पांढरा पापुद्रा. घट्ट चिकटलेला पापुद्रा खरवडू नका, तो सांध्याचाच भाग आहे. सुटी माती मऊ ब्रशने काढा. मातीचा थर उंचवट्यांपेक्षा जाड असेल तर जेआरसी काढण्यात अर्थ नाही. तिथे दगड दगडाला टेकतच नाही. पन्हाळ्याच्या माथ्यावरच्या जांभ्यालाही ही पद्धत नको. त्याची छिद्रंच खडबडीतपणा म्हणून मोजली जातात.

मग दिशा. दगड ज्या दिशेने घसरेल, त्याच दिशेने रेघ घ्या. बेसाल्टच्या, म्हणजे याच काळ्या दगडाच्या, खांबांच्या बाजूंवर आडवे पट्टे असतात. खांबाच्या उभ्या दिशेने मोजलं तर ते सगळे फणीखाली येतात, आडवं मोजलं तर जवळजवळ निसटतात. एकाच पृष्ठाचे दोन वेगळे आकडे येतात, आणि घसरण्याच्या दिशेचाच कामाचा.

फणी म्हणून फरशीवाले वापरतात तो सुयांचा कंटूर गेज चालतो. आधी काचेवर दाबून बघा. सुया सरळ रेषेत आल्या नाहीत तर धूळ अडकली आहे. पृष्ठाला काटकोनात धरून 10 सेंमीची रेघ घ्या, शेजारी समांतर आणखी दोन. टोकदार पेन्सिलने ग्राफ पेपरवर आकार उतरवा.

घाईत असाल तर पृष्ठावर 10 सेंमीची पट्टी ठेवा आणि तिच्याखालची सर्वांत मोठी फट मोजा. फट भागिले लांबी, गुणिले 400. 2.5 मिमी फटीला जेआरसी 10.

नेमकं हवं असेल तर आधी रेघेचा एकूण कल वजा करा. मग दर 1.27 मिमीवर उंची वाचा, लगतच्या बिंदूंमधले उतार काढा, त्यांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ म्हणजे झेड-टू. त्सी आणि क्रूडन यांचं 1979 चं सूत्र: जेआरसी = 32.2 + 32.47 × लॉग (झेड-टू), लॉग 10 च्या पायाचा. झेड-टू 0.20 असेल तर जेआरसी साधारण 9.5. अंतर 0.5 मिमी करायचा मोह टाळा. उंची वाचताना 0.1 मिमी इकडेतिकडे झाली तरी इतक्या कमी अंतरात खोटा उतार तयार होतो आणि दगड आहे त्यापेक्षा मजबूत वाटतो. सुयांमधलं अंतर 1 मिमी असेल तर अर्ध्या मिमीची माहिती मुळात मिळतच नाही.

हा आकडा 10 सेंमीचा आहे, तो मोठ्या ठोकळ्याला तसाच लावू नका. लांबीचं गुणोत्तर (ठोकळ्याची लांबी भागिले 10 सेंमी) घेऊन त्याचा घातांक −0.02 × जेआरसी धरा आणि त्याने मूळ आकड्याला गुणा. 10 सेंमीवर 10 असलेला सांधा 1 मीटरच्या ठोकळ्याला 6.3 च उरतो.