जुन्या जिप्सीला बाजारातला हेडर बसवावा का?

हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसवायचा वेगळ्या पाइपांचा संच. इंजिन कंपनीतून आलं तसंच असेल तर नको. एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीच्या) जिप्सी किंगचं १३०० सीसी, १६ व्हॉल्व्हचं इंजिन ८० बीएचपीचं. नुसत्या हेडरने त्यात जेमतेम दोन-चार बीएचपीची भर पडते, तीही वरच्या आरपीएमला. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये २०००-३००० आरपीएमवर चढताना ती हाती लागत नाही. पाइप फाजील जाड असतील तर उलट ओढ कमीच होते.

गाडी मंदावली म्हणून हेडर शोधत असाल, तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा). त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला काटा ३ पीएसआयच्या वर गेला तर पुढे कुठेतरी चोंदलंय.

मूळ बिडाचा मॅनिफोल्ड तडकलाय आणि दुसरा मिळत नाही, किंवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) काम झालंय, तर मात्र हेडर घ्या. ४-२-१ प्रकारचाच (चार पाइपांचे आधी दोन, मग एक होतो), कारण मधल्या आरपीएमची ओढ त्यात टिकते. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, म्हणून १-४ आणि २-३ अशा जोड्या हव्यात. चुकीच्या जोड्या जुळवलेले हेडरही सर्रास विकले जातात. पाइप ३८ मिमी बाह्य व्यासाचे, ३०४ स्टेनलेसचे, दीड मिमी जाडीचे. फ्लँज (हेडरची हेडला बसणारी पाटी) १० मिमीची. पातळ फ्लँज तापून वाकते आणि गॅसकेट उडतं. सेन्सरचा बंग (तो बसवायचं आट्यांचं तोंड) कलेक्टरच्या (सगळे पाइप एकत्र येतात त्या भागाच्या) लगेच पुढे आणि पाइपच्या वरच्या बाजूला असावा, नाहीतर सेन्सरमध्ये पाणी साचतं.

खोलताना घाई नडते. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. नट अडला तर जोर न लावता थोडा घट्ट, थोडा सैल करत काढा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला की काम दोन तासांवरून दोन दिवसांवर जातं. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवा, खालून ०.१ मिमीचा फिलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) सरकला तर आधी फेसिंग करा, म्हणजे फ्लँज घासून सपाट करा. गॅसकेट नवंच घाला. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, साधारण २३ न्यूटन-मीटरला आवळा. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झालं की पुन्हा तपासा.

माइल्ड स्टीलच्या हेडरला कापडी रॅप गुंडाळू नका, आत ओल धरून पाइप सडतात. सिरॅमिक कोटिंग महाग पडतं, पण टिकतं.

कन्व्हर्टर काढून टाकायच्या फंदात पडू नका. पीयूसी अडेलच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बसवल्यावर गार इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू आली, किंवा मायलेज घसरलं, तर फ्लँजजवळ गळती असू शकते. तिथून हवा आत खेचली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो.